उमरी तालुका रिकामाच राहिला

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. करोनात माझ्या घरामागच्या खोल्या कुलपात पडून होत्या. त्या जूनमध्ये लातूरचे क्लासेस पुन्हा भरभरून सुरू झाले आणि आमच्या गल्लीत सकाळी सायकलींच्या घंटा आणि कुकरच्या शिट्ट्या एकदमच ऐकू यायला लागल्या. मला बरं वाटलं. शांतता मला मानवत नाही.

माझं नाव शिवगंगा. यजमान ईश्वरप्पा यांची डाळमिल होती. ते गेल्यावर मुलगा मृत्युंजय ती बघतो, सून मंजुश्री घर बघते, आणि मी त्या मागच्या खोल्या बघते. माझा जन्म रझाकारीच्या सालचा, उदगीरचा. उदगीरकडचे आम्ही, म्हणून नातवंडं आजीला कानडी वळणानं अव्वा म्हणतात आणि त्यांचं ऐकून किरायेदारही तेच म्हणतात.

खोल्या मी फक्त आयांना देते. मुलाला किंवा मुलीला डॉक्टर करायचं म्हणून गाव सोडून दोन वर्षं इथं येऊन राहणाऱ्या आया. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला पहिली आली, अहमदपूरकडची. वातीचा स्टोव्ह, एक ट्रंक आणि मुलगा. ती रात्री दाराला ट्रंक लावून झोपायची. तिच्यानंतर कोण कोण येऊन गेलं ते मला तोंडपाठ आहे. मुलांची नावं विसरले, ती डॉक्टर होऊन निघून गेली. आया मात्र आठवतात. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात उमरग्याची एक बाई एका बादलीत स्वयंपाक, भांडी आणि मुलाची अंघोळ उरकायची आणि उरलेलं माझ्या तुळशीला घालायची. तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

या बायकांची एक रीत आहे. लातूरला आलं की दोन वर्षं कुठल्याही कार्याला जायचं नाही. लग्न असो, बारसं असो, सख्ख्या भावाची वास्तुशांत असो, 'लेकराचं लातूर चालू हाय' एवढं म्हटलं की समोरचा ऐकून घेतो. कुणी रुसत नाही, टोमणा मारत नाही. दुसऱ्या कुठल्या कारणानं बाईला एवढी सूट मिळालेली मी जन्मात पाहिली नाही. बाळंतपणातसुद्धा नाही.

त्या जूनमध्ये भोकरजवळच्या एका गावाहून उज्वला आली. सोबत बारावीला गेलेली सतरा वर्षांची पुनम. नवरा हरिओम टेम्पोतून ज्वारीचं पोतं, गॅस आणि गाद्या उतरवत होते. सासरे शेषेराव खोली बघायला जातीनं आले होते. जमीनजुमला राखून असलेला, कडक इस्त्रीचं धोतर नेसणारा माणूस. त्यांनी दाराची कडी दोनदा लावून बघितली आणि मला विचारलं, "हितं गडीमाणसं कोण कोण येतेत?"

"टँकरवाला येतो," मी म्हटलं. "आणि आज तुम्ही आलात."

हरिओम टेम्पोमागं तोंड लपवून हसले. उज्वला हसली नाही, पण तिनं माझ्याकडं नीट बघितलं. आमची ओळख तिथंच झाली म्हणायची.

पुनम क्लासला गेली की बाकीच्या आया गच्चीवर जमायच्या. कुणी पापड घालायची, कुणी नुसतीच गावाकडच्या सासूला शिव्या घालायची. उज्वला खोलीतच जाडजूड पुस्तकं घेऊन बसायची. मग हळूहळू तीही वर यायला लागली, पण तिचं येणं वेगळं. ती प्रश्न विचारायची. इथं आल्यावर घरी कुणाला न विचारता पहिली कोणती वस्तू विकत घेतली? पहिल्यांदा एकटी कुठं गेलात? नवरा आला की खोली त्याची वाटते की तुमची?

निलंग्याची एक बाई म्हणाली, "आइसक्रीम. गंजगोलाईच्या बाजारात उभं ऱ्हाऊन एकटीनं खाल्लं. पोराला सांगितलं न्हाई." सगळ्या हसल्या. मग एकेक करून सगळ्यांनी आपापलं आइसक्रीम सांगितलं.

मी तिला जिन्यात गाठलं. "काय गं, जनगणनेवाली आहेस का तू?"

तेव्हा तिनं सांगितलं. लग्नानंतर भोकरच्या कॉलेजातून बी.ए., मग समाजशास्त्रात एम.ए. झालेली. करोनाच्या आधी तिनं एक देशपातळीवरची परीक्षा दिली होती आणि तीत पास होऊन पीएचडीसाठी सरकारी फेलोशिप मिळवली होती. तसं पत्रही आलं होतं. पण त्या पत्राची मुद्दत तीन वर्षांची. तेवढ्यात कुठल्या तरी विद्यापीठात नाव नोंदवलं तर पैसे सुरू होणार, नाही तर पत्र रद्दीत. पहिलं वर्ष करोनात गेलं. दुसऱ्या वर्षी शेषेराव म्हणाले, आधी पुनमचं बघू. आता जानेवारीत मुद्दत संपत होती. परीक्षा पुन्हा द्यावी तर फेलोशिपचं वय उलटून गेलेलं.

"म्हणजे जानेवारीच्या आत झालं तर झालं," मी म्हटलं.

"हाव अव्वा. न्हाई तर मग भाकरीच."

पीएचडी म्हणजे काय हे मला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या भाच्यानं केली होती. शेवटच्या परीक्षेला बाहेरगावचे साहेब आले तेव्हा त्यांना जेवायला घालायची पद्धत म्हणून पुरणपोळ्या मी केल्या होत्या. त्याचा विषय काय होता ते त्यालाही आता आठवत नाही. उज्वलाचा विषय मात्र मला लगेच कळला. त्या गच्चीवरच्या बायका. मुलांसाठी लातूरला येऊन राहिलेल्या आया.

"यात काय अभ्यास करायचा?" मी म्हटलं. "भाकरी करतात, वाट बघतात."

"तुम्ही पंचवीस वर्षं बघताय. भाकरी करून वाट बघायला आलेली बाई परत जाताना तशीच असते का?"

तशी नसते. पहिली ती ट्रंकवाली, जाताना ट्रंक मला देऊन गेली. म्हणाली, आता दाराला लावायला लागत नाही.

मग प्रश्न माझ्यापर्यंत आले. "अव्वा, तुम्ही भिंतीला खिळा का ठोकू देत नाही?"

"प्लास्टर पडतं."

"की बाईला इथलंच वाटायला लागतं म्हणून?"

"तू मलाही लिहिणार का काय?"

"लिहिणार. पण नाव बदलून. तसा नियम आहे."

"मग त्यात माझं काय राहिलं? लिहायचं तर माझ्या नावानं लिही." या मुद्द्यावर आमची जुंपली ती आजवर मिटलेली नाही.

पीएचडीला गाईड लागतो. नांदेडच्या एका कॉलेजातले डॉ. बसवंत यांच्याकडं एक जागा मोकळी होती. त्यांचा फोन आला तेव्हा उज्वला कणीक मळत होती, म्हणून तिनं स्पीकर लावला आणि मीही ऐकलं. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "हे बघा मॅडम, भोकर झालं, मुदखेड झालं, लोहा झालं. उमरी रिकामं आहे. महिला बचत गटांचा समाजशास्त्रीय अभ्यास, विशेष संदर्भ उमरी तालुका. मागचा प्रबंध मी देतो. त्यात बघून तालुका बदलायचा, आकडे नवे घालायचे. कमिटीत कुणी अडवत नाही."

"सर, माझा विषय मी कळवला होता. लातूरच्या आयांचा."

"तो विषय चांगला आहे, पण तो कथेचा विषय झाला. स्वयंपाकावर कोण पीएचडी देणार तुम्हाला? तुमची मुद्दत संपत आलीय. उमरी घ्या."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "हे मास्तर आहेत का प्लॉटवाले? उमरीत कोपऱ्याचा प्लॉट आहे म्हणून विकून राहिलेत."

ती हसली, पण तिच्या हातातली कणीक चांगलीच घट्ट झाली होती. त्या दिवशी पुनम म्हणाली, मम्मी, चपाती तुटत नाही.

उज्वलानं आपलाच विषय लिहून विद्यापीठात पाठवला. बसवंत सरांनी त्यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. विषय मंजूर करणाऱ्या कमिटीसमोर ठरेल म्हणाले. कमिटीची तारीख आली डिसेंबरातली, एक गुरुवार. आणि त्याच गुरुवारी भोकरला तिच्या धाकट्या दिराचं, शिवशंकरचं लग्न.

साधं लग्न असतं तर लातूरची सूट चालली असती. पण ही घरातली थोरली सून. धाकट्या जावेला दारात भाकरतुकडा ओवाळून घरात घ्यायचा मान तिचा. सख्ख्या दिराच्या लग्नाला दुपारी उभी नाही म्हणजे शेषेरावांच्या धोतराची इस्त्री मोडली.

मी सरळ उपाय सांगितला. "पुनमची टेस्ट आहे म्हणून सांग. कोण बघायला येतंय."

"नाही अव्वा."

"अगं, सगळ्या तेच सांगतात."

"म्हणूनच नाही. आले तेव्हापासून सगळं पुनमच्या नावावर चाललंय. झोपले तरी पुनमसाठी, उठले तरी पुनमसाठी. ही एक परीक्षा माझी आहे. ती मी तिच्या नावावर देणार नाही."

तिनं नवऱ्याला फोन करून खरं तेच सांगितलं. सकाळी नांदेडला कमिटी, ती आटोपून संध्याकाळी नवरी दारात यायच्या आत पोचते, मामंजींना तुम्ही सांगा. तिकडून हरिओम "बरं" म्हणाले.

"त्यांचं बरं कसलं असतं?" मी विचारलं.

"भिऊन म्हटलेलं," ती म्हणाली.

मी तिच्याबरोबर निघाले. पुनमचं जेवण मंजुश्रीकडं लावलं, सकाळची लिंगपूजा आटोपली आणि नांदेडची गाडी धरली. उज्वला म्हणत होती, कशाला हाल करून घेता. पण मला माहीत होतं, संध्याकाळी तिला लग्नघराच्या दारात उभं राहायचं आहे, आणि सोबत म्हातारी असली की दारातल्या दारात कुणी तोंड सोडत नाही. लोह्यापर्यंत ती पुटपुटत पाठ करत होती. मध्येच थांबून म्हणाली, "अव्वा, हजेरी रोजची असते."

"कसली हजेरी?"

"फेलोशिपची. नाव नोंदलं की जानेवारीपासून रोज नांदेडला सही. राहावंच लागतं तिथं."

"आणि पुनम? तिची परीक्षा मेमध्ये."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. वाटेत कापसाची वेचणी चालली होती. या एका गोष्टीचं उत्तर तिच्याकडं नव्हतं आणि ते तिनं इतके दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं.

विद्यापीठातल्या त्या इमारतीत बाहेर बाकावर उमेदवार बसले होते. एकानं शेजारच्याला विचारलं, "तुझा कोणता?" तो म्हणाला, "हदगाव. तुझा?" "कंधार." मला वाटलं, बदलीच्या ऑर्डरी वाटून राहिलेत. उज्वलाचं नाव पुकारलं तेव्हा मी तिचा पदर सारखा केला. दार उघडंच होतं. आत काय झालं ते थोडं मी ऐकलं, थोडं तिनं नंतर सांगितलं.

बसवंत सर एका कडेला बसले होते. तिनं विषय वाचला. मधल्या खुर्चीवरचे साहेब म्हणाले, "हे तर सगळ्यांना माहीत आहे. बायका लातूरला जातात, मुलांना रांधून घालतात. यात संशोधनाचं काय?"

उज्वलानंच उलट विचारलं, "सर, तुमच्या घरून लातूरला कोण राहिलं होतं?"

साहेब गोंधळले. म्हणाले, "आमच्या मिसेस होत्या. दोन वर्षं. मुलगा आता एमबीबीएसला आहे."

"मुलगा क्लासला गेल्यावर त्या दिवसभर काय करायच्या?"

"काय म्हणजे... घरातलं करत असतील."

"तुम्ही कधी विचारलं होतं?"

आत कुणीतरी खुर्ची सरकवली. एक वयस्कर मॅडम होत्या, त्या हसून म्हणाल्या, "सर, सांगा ना." साहेबही मग हसले. "नाही विचारलं," म्हणाले. "आता घरी गेल्यावर विचारतो."

"विचारून मला सांगा सर," उज्वला म्हणाली. "माझा विषय तोच आहे."

त्यानंतर बरंच विचारलं म्हणे. किती बायकांना भेटणार, कशा निवडणार, त्या खरं सांगतील कशावरून. तिनं गच्चीवरच्या गप्पांमधूनच एकेक उत्तर दिलं. बसवंत सर शेवटी म्हणाले, "मी यांना उमरी सुचवलं होतं." तेव्हा ती सरळ त्यांच्याकडं वळून म्हणाली, "सर, उमरी तालुक्यात मी कुणाला ओळखत नाही. खोटे आकडे घालावे लागतील. ते मी करणार नाही. फेलोशिप गेली तरी चालेल."

मला बाकावर ते स्पष्ट ऐकू आलं. शेजारचे हदगाव आणि कंधारही ऐकत होते. कंधारनं हळूच आपली फाईल पालथी घातली.

अर्ध्या तासानं सर बाहेर आले. मला वाटलं, आता हा माणूस हात झटकतो. ते थोडे रागात, थोडे हसत म्हणाले, "मॅडम, तुमचं झालं. कमिटीनं शिफारस केलीय. मी सही करतो. पण पुढं अडलात तर माझ्याकडं मागचा प्रबंध मागायला यायचं नाही."

"नाही येणार सर."

"आणि ही आमची उमरी राहिलीच बघा," म्हणून ते आत गेले.

दुपार टळल्यावर आम्ही भोकरच्या गाडीत बसलो. उज्वलानं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढून घातल्या, हातरुमालानं तोंड पुसलं, कपाळाला मोठं कुंकू लावलं. गावच्या पाटीपाशी उतरलो तेव्हा ऊन कलून गेलं होतं आणि तिची नणंद सिंधु वाटेतच उभी होती, आमचीच वाट बघत.

"वहिनी, कुठं गेलतीस तू?" तिनं उज्वलाचा हात धरला. "दादानं मंडपात सांगितलं, पुनमची टेस्ट हाय म्हणून."

उज्वला जागच्या जागी थांबली. माझ्या लक्षात आलं काय झालं असेल ते, आणि मी कपाळाला हात लावला. आमच्याकडं लातूरच्या क्लासची टेस्ट रविवारी असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या मंडपात तर पोरं लातूरला ठेवलेले कितीतरी आईबाप येऊन बसलेले. हरिओमना तेवढं माहीत नव्हतं. सहा महिने ज्वारी पोचवत होते, पण पोरीची टेस्ट कधी असते हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, गुरुवारी कशाची टेस्ट? दुसऱ्यानं मोबाईलवर क्लासचा ग्रुप उघडून दाखवला. अक्षता पडायच्या आत सगळ्या मंडपाला कळलं की टेस्ट नाही. मग सून आहे कुठं? पुढचं लोक आपापल्या मनानं बोलले.

"बाबा कुणाशी बोलंना गेलेत," सिंधु म्हणाली. "नवरीची गाडी येईलच आता. मागच्या दारानं ये."

"पुढच्यानं येते," उज्वला म्हणाली.

अंगणात माणसं भरलेली. शेषेराव खुर्चीवर बसले होते. त्यांनी तिला येताना बघितलं, मला बघितलं. मी राम राम केला. त्यांनी हात जोडले, पण डोळे तिच्यावरच.

"झाली का टेस्ट?"

"झाली मामंजी."

"कुणाची?"

"माझी. नांदेडला. पीएचडीची."

"घरात कुणाला इचारलंस?"

"यांना सांगितलं होतं."

सगळ्या माना हरिओमकडं वळल्या. ते फेटा हातात घेऊन उभे होते. "सांगितलं होतं तिनं," ते म्हणाले. "टेस्टचं मीच म्हणलो. तुमच्यापुढं आयत्या वेळी दुसरं काही सुचलं न्हाई."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. शेषेरावांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडं वळले. "मालकीणबाई, तुम्ही मोठ्या माणूस. तुम्ही तरी सांगायचं हिला."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "खोटं बोल म्हणून सांगितलं होतं. ऐकलं नाही तिनं."

"पोरीच्या नावावर लातुरात ऱ्हाऊन हे धंदे करून राहिली व्हय तू?"

"हाव मामंजी. हेबी केलं." उज्वलाचा आवाज चढला नाही. "पुनमचा एक डबा चुकला असेल तर दाखवा. एका दिवशी तिला उशीर झाला असेल तर दाखवा. ते सगळं करून हे केलं. चोरून काही केलं नाही, म्हणून पुढच्या दारानं आले."

तेवढ्यात वेशीकडून गाडीचा हॉर्न वाजला. नवरी आली. घरातून सासूबाई, साखराबाई, बाहेर आल्या. ठेंगणी, काळीसावळी, कुणाशी फार न बोलणारी बाई. त्यांच्या एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. त्यांनी दोन्ही उज्वलाच्या हातात दिले.

"पोरगी दारात उभी हाय. आधी ओवाळ. मग भांडा."

उज्वलानं नव्या जावेवरून तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं आणि तिला घरात घेतलं. मान तिचाच होता, तो तिनं सोडला नाही.

पंगती उठल्यावर शेषेरावांनी हुकूम सोडला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. "उद्यापास्नं लातूरला पुनमपाशी तुझी सासू ऱ्हाईल. तू हितं घरी. शिकणं बास झालं."

आता ही रडेल असं सगळ्यांना वाटलं असावं. मला मात्र तिच्या चेहऱ्यावर वेगळंच दिसलं. बसमध्ये खिडकीबाहेर बघत ती जे शोधत होती, ते सासऱ्यानं शिक्षा म्हणून हातात आणून दिलं होतं.

"आत्याबाई," ती साखराबाईंकडं वळली, "याल का लातूरला? पुनमसाठी?"

साखराबाई म्हणाल्या, "मला आजवर कुणी इचारलंय व्हय? येते की."

"मग मी जानेवारीपासून नांदेडला."

"हितं म्हणलो मी," शेषेराव गरजले.

"ऐकलं मामंजी. मी नांदेडला जाणार. फेलोशिप माझ्या नावानं आहे, घरातलं काही मागणार नाही. सणावाराला येईन, पेरणीला येईन. दार लावून घेतलंत तर दारात बसून जाईन, पण येईन."

शेषेराव उठून गोठ्याकडं गेले. हरिओमनी बापाची रिकामी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "नांदेडला खोली बघावी लागंल." त्या माणसानं बापाच्या शब्दाविरुद्ध उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं, असं सिंधु मला म्हणाली.

साखराबाई माझ्या खोलीत आल्या तेव्हा पहिले काही दिवस पलंगावर बसत नव्हत्या. खाली चटईवर बसायच्या, कोण येईल म्हणून. कुणी येत नाही हे कळायला त्यांना आठवडा लागला. मग त्या पलंगावर बसल्या. मग गच्चीवर आल्या. पुनम क्लासला गेली की आम्ही दोघी सिद्धेश्वराला चालत जायचो, येताना गोलाईतून भाजी. महाशिवरात्रीच्या यात्रेत त्यांनी मला विचारलं, "त्या बाया आइसक्रीम म्हणत्यात ते कुठं मिळतं?" आम्ही उभ्यानं खाल्लं. मला दात शिवशिवून सोसेना, त्यांनी माझंही संपवलं.

मार्चमध्ये शेषेराव ज्वारी घेऊन स्वतः आले. नव्या सुनेला कालवण जमत नाही, घर खायला उठतं, तू आता चल, पोरीपाशी उज्वलाला बोलाव, असं म्हणाले. साखराबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लेकराचं लातूर चालू हाय. कसं येता येईल?"

यावर काय बोलायचं असतं ते शेषेरावांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नसतं. ते चहा पिऊन गेले.

पुढं काय झालं तेही सांगते. पुनमला पहिल्या खेपेला मार्क कमी पडले. घरात सगळे उदास झाले, एकट्या साखराबाई म्हणाल्या, होऊ दे की अजून एक साल. दुसऱ्या खेपेला पुनमचा बीएएमएसला नंबर लागला. एमबीबीएस नाही म्हणून ती रडली होती, आता आजीला फोनवर नाडीबद्दल शिकवते. हरिओम दर शनिवारी नांदेडला जातात. विद्यापीठाच्या सगळ्या तारखा त्यांना आता पाठ आहेत, उज्वलाला तेच आठवण करून देतात. शिवशंकरच्या बायकोनं यंदा बी.ए.चा फॉर्म भरला. शेषेरावांनी सही केली, का विचारलं नाही.

बसवंत सर निवृत्त झाले. उज्वलानं त्यांच्याकडं मागचा प्रबंध कधी मागितला नाही, पण आपला एकेक भाग लिहून झाला की त्यांना दाखवला, आणि शेवटी शेवटी ते लाल शाईनं खुणा करायला लागले होते म्हणे. मधल्या खुर्चीवरचे ते साहेब, त्यांच्या मिसेसनी उज्वलाला तीन बैठकी मुलाखत दिली. साहेबांना शेजारच्या खोलीत बसवलं होतं. उमरी तालुका माझ्या माहितीप्रमाणे अजून रिकामाच आहे.

प्रबंध या उन्हाळ्यात जमा झाला. त्यात मी आहे. घरमालकीण, उदगीरकडच्या, नाव गौरम्मा. माझं नाव बदलायचं नाही असं मी शेवटपर्यंत सांगत होते. परीक्षक येतील तेव्हा पुरणपोळ्या करायला उज्वलानं मला बोलावलं आहे. मी निरोप पाठवलाय, गौरम्माला सांग करायला. अर्थात जाणार आहे.

साखराबाई गावी गेल्याच नाहीत. पुनमचं झालं तेव्हा सिंधुचा मोठा अकरावीत आला होता. आता त्याचं लातूर चालू आहे. शेषेराव महिन्यातून एकदा येतात, माझ्या ओट्यावर बसतात आणि आत जायच्या आधी साखराबाईंना हाक मारून विचारतात, येऊ का. त्या खोलीत आता भिंतीला दोन खिळे आहेत. एकावर त्यांची पिशवी असते, दुसऱ्यावर छत्री. मला न विचारता ठोकले.